खारातल्या आंब्याची बरणी

आमच्या घरात पावसाळ्याच्या जेवणाला चव यायची ती एका बरणीतून. चिनी मातीची, अर्धी पांढरी, अर्धी तपकिरी, माझ्या गुडघ्याच्या वर येईल एवढी. काकाने मुंबईहून आगबोटीने आणलेली. चैत्रात आई तिच्यात रायवळ कैऱ्या मिठाच्या पाण्यात घालायची, वर दगड ठेवायची, तोंडाला फडकं बांधायची. मग पावसाला तोंड लागेपर्यंत बरणीकडे कुणी बघायचंसुद्धा नाही.

पाऊस धरला की मिरकरवाडा बंदरातल्या होड्या वर ओढल्या जायच्या आणि मासळी बंद. नारळी पुनवेपर्यंत ताटात काय, तर भात, कुळथाची पिठी आणि दोघांत मिळून एक खारातला आंबा. आई तो हिरवी मिरची आणि ओल्या खोबऱ्याबरोबर कुस्करायची. ज्याने तो खाल्ला नाही त्याला मी लिहून काय सांगणार?

त्या बरणीचा एकच कायदा. हात सुका पाहिजे. आतलं पाणी मिठाचं, त्यात विहिरीच्या पाण्याचा थेंब जरी गेला तरी आठ दिवसांत बुरशी धरते. म्हणून आंबा काढायचा तो आईनेच, हात पदराला दोनदा पुसून.

मी शाळा शिकलो दुसरीपर्यंत. मास्तरांनी एकदा विनाकारण थोबाडीत दिली, दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही. बाबांनी समजावलं, मारलं, मी गेलो नाही ते नाहीच. पण घरात लिहिणारा तेवढा मीच. काका मुंबईला गिरणीत, त्याला पत्र घालायचं तर दौत घेऊन मला बसवायचे. त्या दिवशी माझा रुबाब बघण्यासारखा असायचा.

त्या वर्षी मी अकरा वर्षांचा असेन. भातलावणीच्या ओळीत मोठ्या माणसांबरोबर पहिल्यांदाच दिवसभर वाकलो होतो. संध्याकाळी जेवताना मी आईला म्हटलं, "आज मला अख्खा आंबा दे."

"दोघांत एक," आई म्हणाली. "तू काय घाटावरचा पावणा लागून गेलास?"

सगळे हसले. बाबा हसले, लावणीला आलेला गडी हसला. एकदा मागितलेलं पुन्हा मागायचं, हा माझा स्वभाव तेव्हा नव्हता आणि आजही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी तंबाखूची चंची आणायला मला शेतातून घरी पिटाळलं. विहिरीवर चिखल धुतला आणि तसाच निथळत्या हाताने माजघरात शिरलो. फडकं सोडलं, दगड सरकवला, आंबा काढला, आणि मागल्या दारी उभ्याने खाल्ला. कोय केळीच्या आळ्यात भिरकावली. फडकं होतं तसं बांधलं, चंची घेतली, गेलो. हात ओला होता हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

आठवडाभराने आईने बरणी उघडली. वर हिरवट पांढरी साय आणि वास असा, की आईने पदर नाकाला लावला. त्या क्षणी मला माझा हात आठवला. आणि आईने मान वळवली ती काकूकडे.

काकू लग्न होऊन त्याच फाल्गुनात आलेली. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, बस. त्या काळी महिन्याच्या चार दिवसांत बाईला बाजूला बसवत, आणि तिने लोणच्याला-खाराला हात लावला तर ते नासतं अशी समजूत होती. काकू बाजूला बसायची ती पडवीत. पण नेमकी त्या आठवड्यात पडवी गळायला लागली, म्हणून तिची चटई माजघराच्या कोपऱ्यात आली होती. बरणीपासून चार हातांवर.

"शिवलीस तू?" आईने विचारलं.

"नाही वयनी."

"मग काय भुतानं येऊन नासवली?"

सगळे आंबे माडाच्या मुळाशी ओतले गेले. आईने निकाल दिला. काका पुनवेला येईपर्यंत काकूने चुलीला हात लावायचा नाही, आणि जेवायचं ते पडवीत, एकटीने.

मी पाटावर बसायचो तिथून पडवीतलं तिचं ताट दिसायचं. पावसाची झड आली की ती ताट भिंतीकडे ओढायची. माझ्या तोंडात घास नुसता फिरायचा. मी ताटात भात टाकून उठायला लागलो तेव्हा आईने मला काढा करून पाजला. दोष माझ्या पोटाचा नव्हता. रोज ठरवायचो, आज सांगून टाकू. पण जी तोंडं मला हसली होती त्यांच्यासमोर मी आंबा चोरला म्हणून उभं राहायचं? जमेना. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी दिवेलागणीला आई म्हणाली, "दौत आण. पत्र घालायचं हाय."

बाबा विडी ओढत बसले. आई सांगायला लागली, "लिही. तुमच्या कुटुंबानं बरणी नासवली. विचारलं तर कबूल करत नाही. तिला माहेरी पाठवायची काय, तां कळवा."

टाक माझ्या बोटांत तसाच राहिला. निबावरून शाईचा थेंब कागदावर पडला. पडवीत काकूच्या बांगड्या वाजत होत्या त्या थांबल्या.

"काय रं, अक्षर येत नाही वाटतं?" बाबा म्हणाले.

"येतं."

मी लिहिलं. कधी नव्हे एवढं दाबून लिहिलं.

"वाच बघू," आई म्हणाली.

मी उभा राहिलो आणि वाचलं. "बरणी काकूने नासवली नाही. ओला हात मी घातला. आंबा मी खाल्ला. काकूला माहेरी पाठवू नये."

बाबांनी विडी खाली ठेवली. आता बसणार म्हणून मी गाल घट्ट केले. तेवढ्यात पडवीतून काकूचा आवाज आला, "आन कोय तरी नीट चोखायची रं! निम्मा गर तसाच केळीत टाकलास."

बाबांना असं हसू फुटलं की ठसका लागून ते खोकत राहिले. आई मात्र हसली नाही.

"तुला ठावं होतं गो? मग बोलली का नाहीस?"

"परसातून बघितलं मी. पण मी नवी, वयनी. घरच्या पोराचं नाव घेतलं असतं तर तुमी मला खरी धरली असती?"

'चुकलं' हा शब्द माझ्या आईच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. माझा हट्ट कुठून आला ते सांगायला नको. ती उठली, पडवीत गेली, काकूचं ताट उचललं आणि चुलीपाशी आपल्या ताटाला लावून ठेवलं.

"पिठी उतू जातेय," ती काकूला म्हणाली. "बघ जा."

काकू आत आली. मी पाटावर बसलो. डोक्यावरचा भाताचा भारा खळ्यात टाकल्यावर मान कशी वर येते, तसं झालं. तीनदा भात घेतला. वाढत होती काकू. तिसऱ्यांदा ती हळूच म्हणाली, "काढ्याचा गुण आला वाटतं."

मार काही बसला नाही. त्या पावसाळ्यात पुढे आंब्याची फोड कुणाच्याच ताटात पडली नाही, आणि बिनआंब्याची पिठी मला एकदाही अळणी लागली नाही.

आई म्हणत होती, तां पत्र फाड, दुसरं लिही, घरचं हसू कशाला? मी ऐकलं नाही. शाईच्या डागासकट तेच टाकलं. पुनवेनंतर आगबोटी चालू झाल्या आणि काका आला. खळ्यात पाय ठेवला, ट्रंक डोक्यावरून उतरवायच्या आधीच ओरडला, "कुठं हाय तो ओल्या हाताचा?"

तेच नाव पडलं. मला कुणी काही बोललं की मी उसळतो, हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे. पण त्या नावाने कुणी हाक मारली तर मी मुकाट्याने ओ दिली.