मोजणीत राहून गेलेल्या मुली

लोकांच्या घरी नुसतं चार प्रश्न विचारायला गेलं, तरी किस्से मागावे लागत नाहीत. चहाच्या आधी तेच समोर येतात. एक्याण्णव सालच्या फेब्रुवारीत माझी शेजारीण मिथिलेश हिला जनगणनेची ड्यूटी लागली. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. सुनेने अनोळखी घरांत एकटीने हिंडू नये, असं तिच्या सासूबाईंचं म्हणणं. म्हणून मी सोबतीला. आमचे हे रेल्वेत, बदलीने लखनौला आलेले, घर तेलीबागेत. माझे सोळा सोमवार चालू होते. व्रतात रागवू नये म्हणतात. पण काय सांगू!

*

पहिलंच घर एका ठेकेदाराचं. मुलं किती, तर म्हणाला, एक. मिथिलेशने लिहिलं. तेवढ्यात दोन मुली पाणी घेऊन आल्या. ह्या कोणाच्या, असं मी विचारलं.

"हमारी ही हैं भाभीजी. पर ये तो लड़कियाँ हैं."

सरकारला मुली कशाला मोजायच्या असतील, असा त्याचा प्रामाणिक समज! मी म्हटलं, पाणी त्यांच्या हातचं चालतं ना, मग त्यांनाही मोजा. त्या संध्याकाळी महादेवापुढे संकल्प सोडला: मिथिलेशच्या कागदातून एकही मुलगी सुटू द्यायची नाही.

*

पुढे एका दूधवाल्याची बायको भेटली. नवऱ्याचं नाव काही केल्या घेईना. शेवटी पदराआडून म्हणाली, मंगळवारनंतर जो वार येतो ना, तेच. मिथिलेशने लिहिलं, बुधराम.

मी तिला सांगितलं, आमच्याकडे उखाण्यात लपवून का होईना, पण नाव घेतात. तर म्हणे ऐकवा. ऐकवला बाई, तिच्या गोठ्यात, म्हशींसमोर!

नवऱ्याचं नाव ओठांवर येईना, पण चारही मुलींची नावं मात्र तिने एका दमात सांगितली. त्या दिवशी उपवास असून पोट भरल्यासारखं वाटलं.

*

एक रिटायर्ड साहेब. रंगीत टीव्ही, फ्रिज, दोन बाथरूम. न विचारताच सगळं सांगून झालं. मागच्या गॅरेजात नवरा-बायको आणि तीन लेकरं राहत होती. तिथे ना नळ, ना दिवा. त्यांचं काय, असं विचारलं तर साहेब म्हणाले, ते नोकर आहेत, त्यांना या पत्त्यावर कशाला चढवता?

कुत्र्याचं नाव मात्र त्यांनी आपणहून सांगितलं.

*

एका घरी सून विकायच्या कुर्त्यावर चिकनचं भरतकाम करत बसली होती. काम काय करते, तर सासरे म्हणाले, "कुछ नहीं करती, बैठी रहती है."

बसल्या बसल्या ती सहा माणसांना जेवू घालत होती! तिची सुई क्षणभरही थांबली नाही. मिथिलेशने सासऱ्यांकडे न बघता कामाचा रकाना भरला.

*

शेवटच्या सोमवारी ज्या घरी गेलो, तिथे अंगणात तुळस, उदबत्तीचा वास. माझा उपवास म्हणून तिथल्या सासूबाईंनी केळी आणून दिली. मनात म्हटलं, घर असावं तर असं.

सुनेला मुलं किती, तर सासूबाई म्हणाल्या, दोन मुलगे. जिवंत जन्मलेली मुलं एकूण किती, असाही एक रकाना असतो. मिथिलेशने तो प्रश्न सुनेकडे बघून विचारला. उत्तर सासूबाईंनीच दिलं, "वही दो." मी घरभर नजर फिरवली. खरंच कुठे मुलगी दिसली नाही. कोणी सुटलं नाही म्हणून समाधानाने निघाले.

गल्लीच्या वळणावर सून धावत आली. तुमचा रुमाल राहिला, म्हणाली. रुमाल माझा नव्हता.

"बहनजी, वहाँ पाँच लिखिए."

मिथिलेशने कागद उघडला. दोनावर काट मारली, पाच केले.

"तीनों लड़कियाँ थीं?"

तिने मान डोलावली.

मिथिलेशचं पेन उघडंच होतं. नावांसाठी तिथे रकाना नव्हता, तरी तिने विचारलं, "नाम रखे थे किसी ने?"

"हमने रखे थे," ती म्हणाली, आणि तिन्ही सांगितली.