मुबीनाच्या लेकराची गादी

साखरखेर्ड्यात हबीब पिंजारी कोण, असं विचारायची कुणाला गरज पडत नसे. अर्धं गाव त्याच्या गाद्यांवर झोपायचं आणि उरलेलं अर्धं, यंदा त्याच्याकडून गादी भरून घेऊच, असं म्हणत सतरंजीवर झोपायचं. बसस्टँडमागच्या पत्र्याच्या दुकानात त्याचं कापूस पिंजायचं मशीन दिवसभर धडधडे, आणि संध्याकाळी तो बाहेर येई तेव्हा भुवयांपासून चपलांपर्यंत कापसानं माखलेला असे. "लग्नाच्या दिवशी तेवढा तुमचा खरा रंग पाह्यला होता मी," त्याची बायको सायरा म्हणायची.

माणूस हौशी, आणि थोडा बढाईखोर. बढाई मारायला त्याच्याकडे एकच गोष्ट होती, पण ती जबर होती. वऱ्हाड वेगळा देश झाला तेव्हा सिंदखेडराजाच्या सभेत पुढारी ज्या गादीवर बसले, ती हबीबनं भरली होती. लोडसुद्धा त्याचेच.

हो, देश. लोक वेगळं राज्य मागत होते, मागता मागता प्रकरण वाढलं आणि पदरात देश पडला. कसा पडला ते सांगत बसलो तर हबीब बाजूलाच राहील. त्या सभेत मुख्य पुढारी लोडावरून उठले आणि गरजले, "आजपासून आपलं लेकरू आणि आपला कापूस हद्दीबाहेर जाणार नाही!" पोरं पुण्याकडे आणि कापूस परमुलखातल्या गिरण्यांकडे जाताना बघत म्हातारे झालेले लोक होते ते. त्यांना ते गोड वाटणारच. हबीब तर उभा राहून टाळ्या वाजवत होता, शेजारचे खाली बसले तरी वाजवत होता.

त्याची एकुलती मुलगी मुबीना जालन्याला दिलेली. जावई अल्तमश विहिरीवरच्या जळलेल्या मोटारींची वायंडिंग भरून द्यायचा, धंदा चांगला होता. पूर्वी नाश्ता करून निघालं की जेवायला लेकीच्या घरी. देश झाला आणि सिंदखेडराजाच्या पुढे, जालना रोडवर, नाका बसला. हबीबच्या आजोबांच्या वेळी तिथंच कुठंतरी निजामाची हद्द होती. ती गेली तेव्हा म्हाताऱ्यानं गूळ वाटला होता म्हणे.

देशाला तिसरं वर्ष लागलं आणि मुबीनाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, त्यात विचारायचं काय? सायरानं मागची खोली चुन्यानं पांढरी केली, डिंक आणला, मेथी निवडली, बाजेची नवार कसून घेतली. मुबीनाला यायचा पासही मिळाला. सगळं जमून आलं होतं. तिला उतरवून घ्यायला गाडी कुठवर येऊ देतात, एवढंच विचारायला हबीब नाक्यावर गेला.

नाक्यावर भागवत नावाचा शिपाई होता, अमडापूरचा पोरगा. त्याच्या लग्नातली गादी हबीबनंच भरलेली.

"चाचा, ताई येऊ शकते," भागवत म्हणाला. "परत बी जाऊ शकते. पण लेकरू इथं झालं, तर ते नाही जाऊ शकत."

"म्हंजे?"

"इथं जन्मलं म्हंजे ते आपल्या देशाचं. अठरा वर्षाचं होयेपर्यंत हद्दीबाहेर नाही नेता येत. कायदा हाये."

"आन् त्याची माय?"

"पास संपला का तिले जाच लागते. देश झाला तवा ती जालन्याची होती ना."

हबीबचं डोकं फिरलं. "कोणं काढला बे असा कायदा?"

भागवतनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सभेत तुमी होते ना, चाचा. मी बी होतो. टाळ्या वाजवल्या न आपुन."

परतीच्या बसमध्ये हबीबच्या मनात नको नको ते हिशेब आले. इथंच ठेवून घ्यावं का लेकराला? मग मुबीना कुठं राहणार? अल्तमशनं इकडं यावं, तर त्याला कोण येऊ देणार? प्रत्येक वाट फिरून त्याच नाक्यावर येत होती.

सायरानं ऐकलं, आणि मेथी निवडायचं सूप भिंतीवर भिरकावलं. फोन करायला तिनं साफ नकार दिला. "टाळ्या तुमी वाजवल्या, तुमीच सांगा तिले."

मग हबीबनंच सांगितलं. "मुबीना, बेटा, येऊ नको."

"अब्बा, माह्यं काही चुकलं काय?"

"तुह्यं नाही, बेटा." मग त्यानं तिला कायदा सांगितला. बाप असून लेकीला दार लावावं लागलं, आणि त्याला त्याची लाज वाटत होती.

मुलगा झाला, जालन्यातच. नाव अरसलान ठेवलं. सायरा नवऱ्याला ताट वाढून द्यायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. महिनाभरानं तिनं एक इवलीशी खोळ त्याच्यापुढे टाकली. मुबीनाच्या शाळेतल्या ओढणीची शिवलेली. "भरून द्या," एवढंच म्हणाली. दर शुक्रवारी नाक्यावर जाळीच्या दोन बाजूंना उभं राहून माणसांना भेटू देत. सायरा यायला तयार नव्हती. "जाळीतून नातू पाहू काय मी? जनावर हाये काय तो?"

त्या गादीसाठी हबीबनं कापूस हातानं निवडला. पुन्हा पुन्हा पिंजला, सरकीचा कण राहू दिला नाही. इतके बारीक टाके त्यानं पुढाऱ्यांच्या गादीलाही घातले नव्हते. बसमध्ये ती गादी त्यानं मांडीवर घेतली, आणि शेजारच्या सीटवरच्या बाईनं "कोणासाठी?" विचारल्यावर त्याची बढाई कितीतरी दिवसांनी परत आली.

भागवतनं गादी दाबून पाहिली. "कापूस हाये काय, चाचा?"

"नाही, गहू भरले. गादीत काय भरतेत बे?"

भागवत हसला नाही. डोक्यावरच्या कॅमेऱ्याकडे त्यानं नुसती नजर केली. "खोळ जाईन, चाचा. कापूस नाही जाऊ देत."

"लेकराची गादी हाये. मूठभर कापूस."

"मले समजते. पण माह्या हातात काही नाही." त्यानं खिशातून ब्लेड काढलं.

"ठेव ते," हबीब म्हणाला. "माहे टाके मीच काढतो."

तो तिथंच मातीत बसला आणि एकेक टाका उसवू लागला. जाळीपलीकडे मुबीना लेकराला खांद्याशी धरून हे सगळं पाहत होती. कापूस पिशवीत गेला. रिकामी खोळ भागवतनं जाळीच्या खिडकीतून पलीकडं दिली. मुबीनानं तिची घडी केली आणि लेकराच्या मानेखाली धरली. "मऊ हाये, अब्बा," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून रडली. मग तिनं अरसलानचा पाय जाळीला लावला. जाळीतून बोटाचं टोक तेवढं जात होतं. हबीबनं त्या तळपायाला बोट लावलं, आणि वेळ संपल्याची शिट्टी होईपर्यंत काढलं नाही.

पिशवी दुकानात टाकून तो घरी आला तेव्हा सायरा दारातच होती. कित्येक दिवसांनी ती त्याच्याशी आपणहून बोलली.

"भेटला?"

"भेटला."

"गादीवर झोपला काय?"

हबीबनं तिच्याकडं पाहिलं. "टेकवल्या टेकवल्या झोपला."

"टोचली नाही न त्याले?"

"टोचन काय? माह्या हातची हाये."

त्याच्या अंगभर कापूस चिकटला होता. पण तो रोजच असे, त्यामुळे सायराला काही कळलं नाही. उलट जवळ येऊन तिनं ओढणीच्या टोकानं त्याच्या भुवईवरचा कापूस पुसला. आज तिचा चेहरा निवळला होता.

"थंडी येऊन राह्यली," ती म्हणाली. "आता त्याले एक रजई भरा. खोळ शिवाले घेतली मी."

"भरतो," हबीब म्हणाला.