साडेदहाचं ऊन

मार्थाबाई गेल्याचं त्यांच्या भाचीने फोनवर कळवलं, तेव्हा मे महिना संपत आला होता. ती म्हणाली, "शेवटच्या आठवड्यात सारखं विचारत होत्या, शाळा उघडायला किती दिवस राहिले?" निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी हाच प्रश्न...

नातवंडांनो, तुमच्या तिकडे वर्ग कोण तयार करतं, मला माहीत नाही. बेलापूरजवळच्या आमच्या माध्यमिक शाळेत ते काम शिक्षकांचंच असे. मी इंग्रजी शिकवायचे, मार्थाबाई गणित. शाळा उघडण्याआधी आठ दिवस त्या येत, बाकांचे वर आलेले खिळे ठोकत आणि माक्याचा पाला व जुन्या सेलमधली काळी पूड एकत्र वाटून फळ्याला चोळत. हात कोपरापर्यंत काळे. मला ते सगळं गबाळं वाटायचं. एका वर्षी आईच्या आजारपणामुळे त्यांना येता आलं नाही, तेव्हा नववीचा वर्ग मी माझ्या पद्धतीने लावला. दोरी धरून बाक सरळ केले, उंचीप्रमाणे जागा ठरवल्या आणि फळ्याला काळा ऑइलपेंट दिला. काय चकाकत होता! मी स्वतःवरच खूश होते.

त्या वर्गात सुमन होती. उंच, म्हणून शेवटच्या बाकावर, खिडकीच्या समोरच्या भिंतीला लागून. महिनाभर तिच्या वहीत नुसत्या चुका. विचारलं की मान खाली. शेवटी एका शनिवारी तिच्या वडिलांना बोलावून मी सांगितलं, "हिचं अभ्यासात डोकं नाही."

"मंग काढतोच तिला," ते म्हणाले. "पाव्हने इचारायला लागल्यातच."

मार्थाबाई त्याच संध्याकाळी गावाहून परतल्या. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी शाळेत गेले तर त्या रिकाम्या वर्गात एका जागेवर बसून फळ्याकडे बघत होत्या. मग सरकून शेजारच्या जागेवर. मग त्याच्या शेजारच्या. साठ मुलांच्या साठ जागा... दर जूनमध्ये त्या हे करत आल्या होत्या आणि मला पत्ताच नव्हता. शेवटच्या कोपऱ्यात त्या थांबल्या, घड्याळ पाहिलं.

"बाई, इथं बसा. मी काय लिहिलंय, वाचा."

मी बसले. साडेदहा वाजले होते. फळ्यावर उन्हाची पांढरी झळाळी, बाकी काही नाही. माझा तास रोज याच वेळेला असे.

"पण तिने सांगितलं का नाही?"

"तुमचा एवढा देखणा फळा! कुणाची छाती होणार?"

दुपारभर आम्ही दोघींनी तो रंग पॉलिश पेपरने खरवडला. मग काळ्या हातांनीच सुमनच्या घरी गेलो. दाराशी मार्थाबाई मागे सरकल्या. "तुम्हीच बोला."

वडील गोणी शिवत होते. "काल तर म्हनला, पोरीला डोकं न्हाई."

"डोकं मला नव्हतं," मी म्हणाले. "फळा चकाकत होता. तिला दिसतच नव्हतं. शाळेतून काढू नका."

त्यांनी आमच्या हातांकडे पाहिलं. "आता बाईलाच डोकं न्हाई म्हनल्यावर पोरीला ठिवावंच लागंल. तुमाला सांभाळायला कुनी नको व्हय?"

दाराआडून सुमन हसली. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पुढे ती दहावी झाली, परिचारिका झाली, आणि लग्न तिने तिच्या सवडीने केलं.

परवा मी त्या शाळेत जाऊन आले. सोमवारी शाळा उघडणार होती. झाडणाऱ्या मावशींनी नववीचा वर्ग उघडून दिला. आता तिथे गुळगुळीत पांढरा बोर्ड आहे. मी पहिल्या बाकापासून सुरुवात केली. गुडघे दुखतात, वेळ लागला. शेवटच्या कोपऱ्यात पोचले, तेव्हा सव्वादहा झाले होते.

मावशी झाडू टेकवून बघत होत्या. "बाई, कोनाची वाट बघताय?"

"उन्हाची," मी म्हटलं.