साठ मीटरवरचे टक्के

माझी वहिनी क्रेन चालवते. इमारत बांधताना शेजारी उभी करतात ना, ती उंच, पिवळी, एक हात लांब केलेली क्रेन. साठ मीटरवर काचेची एवढीशी खोली, खोलीत एक खुर्ची आणि खुर्चीत आमची वहिनी. सकाळी सातला शिडी चढते ती संध्याकाळीच उतरते; डबासुद्धा वरच खाते. साइटवरची माणसं तिला घार म्हणतात आणि तिला ते भयंकर आवडतं.

ओझं हवेत असताना फोनला हात लावायचा नाही, हा तिचा कडक नियम. तेव्हा फोन खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत. पण खाली माल बांधत असले की पंधरा-वीस मिनिटं मोकळी मिळतात. मग ती आम्हाला फोन करते, ढगांचे फोटो पाठवते, समोरच्या गच्चीवर कुणी काय वाळत घातलंय ते कळवते. अडचण एकच. दुपारी एकच्या सुमाराला तिचा फोन मान टाकायचा. वर चार्जिंगची सोय नाही. पॉवर बँक न्यावी, तर मागे कुणाची तरी वरून सुटून सिमेंटच्या मिक्सरला पोचा पडला होता. तेव्हापासून साइटच्या साहेबांचा हुकूम होता की जेवणाचा डबा आणि गळ्यात दोरीने बांधलेला एक फोन न्यायचा, बाकी काही नाही.

तीन वर्षं तिने हे सोसलं. कारण फोन दादाच्या कंपनीचा होता. म्हणजे दादाची कंपनी वगैरे नाही, त्याचं सलून आहे; पण जन्मभर त्याने एकाच कंपनीचे फोन वापरले आणि घरात दुसरा येऊ दिला नाही. "मजबूत माल आहे," असं तो गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा ठेवून सांगायचा. वस्तरा मानेवर असताना नाही कोण म्हणणार?

एके दिवशी वहिनी कामावरून परस्पर दुकानात गेली आणि दुसऱ्या कंपनीचा फोन घेऊन आली. दादा त्या फोनकडे पाठ करून जेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यातूनच तिचा आवाज आला, "एक्केचाळीस! अगं, एक्केचाळीस टक्के!" शेजारच्या काकूंनी दार उघडलं. त्यांना वाटलं, कसला तरी निकाल लागला. त्यांनी तिचं अभिनंदन केलं आणि वहिनीने ते स्वीकारलंही.

हे दादाला चांगलंच झोंबलं. त्याने जुना फोन सलूनमध्ये नेला, दिवसभर त्यावर तिथल्या वाय-फायवरून गाणी लावली आणि रात्री आठला घरी येऊन तो ताटाशेजारी ठेवला. छत्तीस टक्के.

"बघ, फोन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "तूच त्याला उंचावर नेऊन घाबरवतेस."

"अहो, फोन कधी घाबरतो का?" वहिनी म्हणाली.

"तुला काय माहीत? तू कधी फोन होतीस?"

चार दिवस हेच चाललं. ती नव्याचे टक्के सांगायची, तो जुन्याचे. आणि नेमकी त्याच चार दिवसांत आमची आई विचित्र वागायला लागली. वहिनीच्या डब्यात एक पोळी जास्त घालायला लागली. सकाळी तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायची, "घाई करू नकोस गं. सगळं होईल ठीक. मी आहे ना." वहिनी बिचारी बावरून गेली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "माझा कुठला रिपोर्ट आलाय का? मला न सांगता?"

शेवटी मीच तोडगा काढला. मी घरी बसून पडदे शिवते, दिवसभर मोकळीच असते असा सगळ्यांचा समज आहे. म्हटलं, दोन्ही फोन एकाच दिवशी वर जाऊ देत. दोन्ही शंभर टक्के, स्क्रीनचा उजेड सारखा, कामं सारखी. जुन्यात माझं जास्तीचं सिम घालू. टक्के मी लिहीन. वहिनीने साहेबांना विचारलं. साहेब आधी नाहीच म्हणाले, मग दोन्ही कंपन्यांची नावं ऐकून म्हणाले, "तिसऱ्या कंपनीचा माझाही घेऊन जाता का?" तो काही आम्ही घेतला नाही, पण परवानगी मिळाली.

शनिवारी वहिनी गळ्यात दोन फोन घालून चढली. मी कापडाच्या तुकड्यावर खडूने दोन रकाने आखले. नऊला वहिनीचा फोन आला. नवा त्र्याण्णव, जुना चौऱ्याहत्तर. मी लगेच दादाला कळवलं.

"सुरुवातीला दमतो तो," दादा म्हणाला. "नंतर वेग धरतो."

"अरे, तो घोडा आहे का?"

अकराला नवा शहाऐंशी, जुना पंचेचाळीस. तोवर साइटवर बातमी पसरली होती. वहिनीला खालून इशारे देणारा माणूस दर मोकळ्या वेळी वॉकीटॉकीवर आकडे विचारत होता आणि सळया बांधणारी माणसं दोन पक्षांत वाटली गेली होती. सलूनमध्ये तर दादाने एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी करून हातातला वस्तरा खाली ठेवला आणि मला फोन लावला. मागून त्या गिऱ्हाइकाचाही आवाज आला, "किती झाले हो?"

बाराला जुना एकोणतीस. मी आकडा लिहिला, आणि मागून आई अगदी सुखाने म्हणाली, "चला, आज कामावर गेली बाई एकदाची."

मी वळले. आई आरामखुर्चीत बसून आपल्या फोनमध्ये बघत होती.

"रोजच जाते की ती," मी म्हटलं.

"कुठली रोज? चार दिवस दादाच्या सलूनमध्येच बसलेली होती. काम सुटलं असणार, घरी सांगायची चोरी. केस झाडायला जात असेल बिचारी. मी म्हटलं, आपण होऊन सांगेल तेव्हा सांगेल."

"तुला कुणी सांगितलं ती सलूनमध्ये होती?"

आईने फोन माझ्यापुढे धरला. त्यावर नकाशा होता. नकाशात वहिनीची साइट, आणि साइटवर वहिनीच्या फोटोचा एक गोल ठिपका, जागच्या जागी थरथरणारा. "हे बघ, कशी गरागरा फिरतेय," आई कौतुकाने म्हणाली.

आत्ता माझी ट्यूब पेटली. तीन वर्षांपूर्वी वहिनी पहिल्यांदा क्रेनवर चढली तेव्हा आईने धसका घेतला होता. जेवेना, झोपेना. तेव्हा वहिनीला विचारून तिच्या फोनचा ठावठिकाणा आईच्या फोनवर कुणी जोडून दिला? मीच. आठवडाभरासाठी! नंतर मी विसरले आणि वहिनीही विसरली. एकटी आई विसरली नाही. तीन वर्षं तो फोन तिथे उंचावर बसून क्षणाक्षणाला आईला कळवत होता की मी इथे आहे, मी इथेच आहे, मी अजून इथेच आहे. सलूनमध्ये तो एका जागी पडून असायचा, कळवायला नवं काही नव्हतं; वर मात्र क्रेनबरोबर सतत फिरायचा. दुपारी एकला मान टाकेल नाही तर काय करेल?

मी वहिनीला फोन लावला. हसतहसतच म्हटलं, "वहिनी, बॅटरी... बॅटरी आई खात होती!"

सगळं ऐकल्यावर वहिनी एवढी हसली, एवढी हसली, की इशारेवाल्याने खालून विचारलं, "वर सगळं ठीक ना?" तिने त्याला सांगितलं आणि तोही हसत खाली बसला. पाच मिनिटं साहेबांना कुणी काही सांगू शकेना.

आईचा चेहरा मात्र उतरला. "बंद करणार का आता ते?"

सोमवारी ठिपका बंद करून पुन्हा शर्यत झाली. संध्याकाळी नवा सेहेचाळीस, जुना एकोणचाळीस. "तीन वर्षांचा म्हातारा, आणि सातच टक्क्यांनी मागे!" म्हणत दादाने वहिनीला उचलून गोल फिरवलं. हरलेला माणूस इतका खूश झालेला मी कधी पाहिला नव्हता. वहिनीने नवाच फोन ठेवला. फोटो चांगले येतात म्हणाली. जुना परत दादाकडे गेला, मानाने.

आणि आईला वहिनीने सांगितलं, "आई, ठिपका कशाला बघता? मलाच बघायला या."

आईने तोवर साइटच्या दिशेला मान वर केली नव्हती. गेल्या शनिवारी ती माझ्याबरोबर साइटवर आली. डोक्यावर पिवळं हेल्मेट, माझा दंड घट्ट धरलेला, डोळे मिटलेले. मग एक डोळा उघडला. वर, खूप वर, काचेमागे एक हात हलत होता.

"अगं बाई," आई म्हणाली. "ही तर मजेत आहे!"

इशारेवाल्याने आपणहून वॉकीटॉकी तिच्या तोंडापुढे धरला. त्या यंत्रावर साइटवरच्या तिन्ही क्रेन एकाच वेळी ऐकतात, हे त्याने सांगितलं नाही. आई सगळा जीव एकवटून ओरडली, "जेवलीस का गं?"

तिन्हीकडून एकदम उत्तर आलं, "जेवलो, आई!"