दा नांगचं स्वस्त घर आणि गेटबाहेरची मालकीण

घर विकायचं ठरलं होतं. म्हणजे आमच्या निखिलनं परस्पर ठरवलं होतं. निखिल माझा धाकटा भाऊ. कंपनी पुण्याची, काम लॅपटॉपवर आणि मुक्काम व्हिएतनाममधल्या दा नांग या समुद्राकाठच्या शहरात. एक दिवस त्याचा फोन, “ताई, आपलं गारखेड्याचं घर विकून टाकू. आईला इकडं आणतो. तिथल्या खर्चात इथं राणीसारखी राहील.” माझं डोकंच सणकलं. बाबा गेल्यापासून आई एकटी राहते हे खरं, पण घर आईचं आणि गिऱ्हाईक यानं पाठवायचं? आई मात्र शांत. “भांडू नको. न बघता नाय कसं म्हणू? आधी बघून येऊ,” म्हणाली.

गारखेड्याजवळच्या क्रांती चौकातून ट्रॅव्हल्सनं मुंबई, तिथून विमानानं हनोई, तिथं विमान बदलून दा नांग. ई-व्हिसा घरबसल्या निघतो, एजंटाला पैसे देऊ नका. आईच्या पिशवीत ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि निखिलसाठी धपाटे होते. विमानतळावर कुणी विचारलं नाही, पण तुम्ही नियम बघूनच न्या.

शहर सुंदर आहे, उगाच खोटं कशाला बोलू? रुंद रस्ते, स्वच्छ वाळू, आणि पहाटेच अख्खी गल्ली समुद्रात डुंबायला उतरलेली. शाकाहारी असाल तर पाटीवर ‘चाय’ शब्द शोधा. तो चहा नाही, तिकडं शाकाहाराला तसं म्हणतात. नाहीतर पालेभाजीतसुद्धा माशाचा रस पडतो. आईनं पहिल्या दिवशी नुसता भात आणि चटणी खाल्ली.

निखिलचं घर किनाऱ्यापासून दोन गल्ल्या आत. अरुंद, दुमजली, पुढं लोखंडी गेट. भाडं आपल्या चाळीस हजारांच्या आसपास. संध्याकाळी त्यानं आम्हाला कॉफीच्या दुकानात नेलं. तिथं त्याची मित्रमंडळी, सगळे परदेशी, सगळे लॅपटॉपवाले. एकच विषय, इथं सगळं किती स्वस्त! मला राहवलं नाही. “स्वस्त कुणाला?” असं इंग्रजीत विचारलं. एक गोरा हसला आणि म्हणाला, “आपल्याला!” कॉफी आणून देणारी पोरगी शेजारीच उभी होती.

वर व्हिसाची गंमत ऐका. तीन महिने संपले की यांना बसनं लाओसच्या सीमेवर जाऊन, शिक्का मारून परत यावं लागतं. स्वस्ताईच्या व्हिडिओत हे कुणी सांगत नाही. निखिल म्हणाला, “आई, छोटी ट्रिपच असते.” आईचे गुडघे गच्चीचा जिना चढू देत नाहीत! मी तिथंच त्याला झापलं.

तिसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. दिवेलागणीला आईनं खिडकीत निरांजन लावलं आणि बाहेर पाहिलं. गेटबाहेर, रस्त्यावर, एक साठीची बाई प्लॅस्टिकच्या स्टुलावर फळं, फुलं मांडून उदबत्त्या लावत होती.

“ही कोण रे?”

“होआबाई. घरमालकीण,” निखिल म्हणाला. “मुलाकडं राहते, गावाबाहेर. घराचं भाडं येतं ना, मग स्वतः इथं कशाला राहील? त्यांच्या पूर्वजांचा देव्हारा वर आहे, भिंतीवर सासू-सासऱ्यांच्या तसबिरी, अमावास्या-पौर्णिमेला पूजा करतात. पण तीच माझी कामाची खोली. धूर लई होतो, मीटिंग असतात. मीच सांगितलं, बाहेर करा म्हणून. काही बोलली नाही बिचारी.”

“तिचं घर, तिचे सासू-सासरे भिंतीवर, अन ती रस्त्यावर?”

“आई, भाडं मी भरतो.”

“भर की! भाडं भरलं म्हणून माणसाला त्याच्या देवापाशी जाऊ देत नाय व्हय?”

आई बाहेर गेली. भाषा कुणाला येत होती? तिनं सरळ होआबाईंचा हात धरला, फळांचं ताट मी उचललं. आई एकेक पायरी गुडघ्यावर हात टेकत चढली. निखिल मागून धावत आला, “आई, पाच मिनिटांत माझा कॉल आहे!”

“जिन्यात बसून घे,” आई म्हणाली.

होआबाईंनी आधी तसबिरींवरची धूळ बाहीनं पुसली. मग उदबत्ती लावून कितीतरी वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत, आईच रडली. निखिल दारात येऊन म्हणाला, “अगं, तुझ्याही देव्हाऱ्याची सोय करतो ना इथं.”

“अन गारखेड्याला नवा मालक आला, की मला गेटपाशी तरी उभं राहू देईल का?” आईनं विचारलं. “तुझे बाबा त्या घरात गेले, निखिल.”

 

दोन दिवसांनी निघालो. विमानतळावर आईनं त्याला एकच अट घातली, “पुढच्या पौर्णिमेला तिला वर घे. मग मला फोन कर.”

आता मी गारखेड्यात बसून हे लिहितेय. स्वस्ताईचे व्हिडिओ बघून बॅग भरणाऱ्यांनो, जा, जरूर जा. पण तुमच्या आरामासाठी घरातलं कोण बाहेर गेलंय, एवढं गेल्या गेल्या विचारा. लाज वाटली तर वाटू द्या. निखिलनं पाठवलेलं गिऱ्हाईक परवा आलं होतं. आईनं त्यांना चहा पाजला आणि घर विकायचं नाही म्हणून सांगून टाकलं. पुढची पौर्णिमा येऊन गेली. निखिलचा फोन आलेला नाही. मी रागानं त्याचा नंबर लावायला गेले, तर आईनं माझा हात धरला आणि स्वतःचा फोन चार्जिंगला लावून उशाशी ठेवला.