दोराला बांधलेलं वऱ्हाड

माझं लग्न भर पाण्यात मोडायच्या बेताला आलं होतं. कोयनेच्या धरणाचं पाणी भरून दहाएक वर्षं झाली असतील. आमची भाताची खाचरं पाण्याखाली गेली, आम्ही डोंगरावर चढलो, आणि कुठं जायचं म्हटलं की लाँच. आमच्या छपरात दोन पाहुणे बसले की तिसऱ्याला उभं राहावं लागे, म्हणून लग्न पलीकडच्या काठाला, मामाच्या गावी ठरलं. आम्ही एका लाँचीतनं जाणार, नवरदेवाचं वऱ्हाड धरणाकडून दुसरीतनं येणार.

नवरदेव सांगलीकडचे. उसाचं रान, दारात बैलजोड्या, आणि मानपानाचं वेड. मला बघायला आले तेव्हा मी मान खाली घातलेली, मला त्यांच्या पायाचा अंगठा तेवढा दिसला. तोंडातून एक शब्द ऐकला नाही. माणूस बरा आहे, का नुसता घरच्यांच्या हुकमातला बैल, हे मला कोण सांगणार?

अर्ध्या वाटेत एक लाँच बंद पडून आडवी तरंगताना दिसली. माणसं उपरणी हलवत होती.

वडील ड्रायव्हरला म्हणाले, "आवं, ऱ्हाऊ द्या. मुहूर्त चुकंल."

ड्रायव्हर कोकणातला, आधी समुद्रात मोठ्या प्रवासी बोटीवर काम केलेला. तो म्हणाला, "आमच्या बोटीत साहेब-मडमा नाचत असायच्या. पण एखादी होडी अडलेली दिसली की बोट वळलीच. नाचणारे बसले बोंबलत. अडलेल्याला पाण्यावर टाकून जायचं नाय." आणि त्यानं लाँच वळवलीसुद्धा.

जवळ गेलो तर ताशेवाले, करवल्या, आणि मधोमध मुंडावळ्या बांधलेले आमचेच नवरदेव! सोडून गेलो असतो तर नवरी मांडवात वेळेवर आणि नवरदेव पाण्यात.

ड्रायव्हरनं दोर टाकला. नवरदेवाच्या चुलत्यानं तो परत फेकला. हा चुलता मिलिटरीतनं रिटायर झालेला, अंगात अजून परेड.

"व्हय वो पाव्हणं, नवऱ्याकडची मानसं नवरीच्या मागनं दोराला बांधून यायची? म्हशीगत? गावात तोंड कसं दावायचं आमी?"

वडिलांनी हात जोडले. "चुकलं आमचं," म्हणाले. काय चुकलं होतं त्यांचं? मला असा संताप आला! वडिलांनी ड्रायव्हरला विचारलं, त्यांना पुढं ठेवून आपण मागनं ढकललं तर?

"ढकलायला ती काय एसटी आहे?"

चुलता म्हणाला, "मग तुमी हितंच थांबा. आमचं मशीन चालू हुईल, आमी पुढं निघू, मग तुमी या." त्यांचा मशीनवाला कोपरापर्यंत काळा होऊन बसला होता. त्यानं मान आडवी हलवली.

ऊन डोक्यावर आलं. भटजी सारखे सूर्याकडं बघत होते, अंगावरची हळद वाळून खाजत होती, आणि वडिलांचे हात अजून जोडलेलेच. मी मनाशी पक्कं केलं, हा नवरदेवही असाच गप्प बसला तर मी मांडवात उभी राहणार नाही. मग काय व्हायचं ते होवो.

तेवढ्यात नवरदेव उठले. लाँच हलली तसा त्यांनी चुलत्याचा खांदा धरला. म्हणाले, "टाका दोर."

"गप रं! मान जातोय आपला."

"काका, मान बसू द्या हितं लाँचीत. मला लग्नाला जायचंय." मग माझ्या वडिलांकडं वळून म्हणाले, "मामा, हात खाली घ्या. तुमी थांबला नसतासा तर आमी हितंच वाळलो असतो."

दोर त्यांनी स्वतः बांधला, गोठ्यात बैल बांधतात तसा. ड्रायव्हरनं हसत तो सोडला आणि नीट बांधला. आमची लाँच निघाली, वऱ्हाड मागनं गुमान यायला लागलं. चुलता आमच्याकडं पाठ करून बसला.

नवरदेव पुढच्या टोकाला होते. थोडं अंतर गेल्यावर, मुंडावळ्या एका हातानं वर धरून, ते पाण्यात ओकायला लागले. माझ्या आत्या पदर तोंडाला लावून हसल्या. मला मात्र त्यांच्यावरची नजर काढवेना. बघायला आले तेव्हा सगळ्यांनी त्यांनाच विचारलं होतं, मुलगी पसंत आहे का. मला कुणी काही विचारलं नव्हतं. ते मला तिथं, ओकताना पसंत पडले.