जाताना डावी, येताना डावी

त्याला सगळे भोंगा म्हणत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, त्याला तर नाहीच. टपावर दोन भोंगे बांधलेला एक म्हातारा टेंपो आणि देवानं दिलेला आवाज, एवढ्या भांडवलावर त्यानं सगळं आयुष्य काढलं होतं. सर्कस आली, सेल लागला, नळाला पाणी येणार नाही, कुणाचे वडील घर विसरून कुठेतरी भटकतायत, सगळं गावाला कळायचं ते भोंग्याच्या तोंडून.

त्याच्या कामाचे काही नियम होते आणि ते त्यानं कुणासाठी मोडले नव्हते. वाक्य नेहमी दोनदा बोलायचं. पहिल्यांदा माणसाचं लक्ष जातं आणि दुसऱ्यांदा त्याला कळतं, म्हणून दुसऱ्यांदा हळू बोलायचं. एका रस्त्याला फेऱ्या दोन, एक जाताना, एक येताना, कारण वारा आवाज एका अंगाला ओढून नेतो. माइक त्यानं वाकवलेल्या तारेनं गळ्यात अडकवला होता. उजवा हात गाडीला, डावा बोलण्याला. ज्या बाजूचं बोलणं असेल तिकडे तो हात करून दाखवायचा. आवाजाची रेकॉर्ड लावून नुसती गाडी फिरवणाऱ्यांचा त्याला मनस्वी तिटकारा होता. तो म्हणायचा, तसंच करायचं तर मग कोंबडा पाळा की.

साथ आली तेव्हा पहिले काही दिवस त्याला आपण फार मोठं काम करतोय असं वाटलं. पुढे पुढे नुसता कंटाळा आला. पालिकेचा कागद आला की दुकानं बंद म्हणून सांगायचं. आठवडा उलटतो न उलटतो तो व्यापारी संघाचा कागद यायचा, मग अमुक वाजता दुकानं उघडण्यासाठी सभा आहे म्हणून सांगायचं. गाडी तीच, भोंगे तेच, तोंडही तेच. एकदा तर सवयीनं त्यानं संचारबंदीच्या घोषणेच्या शेवटी ‘त्वरा करा, आजच भेट द्या’ असं म्हणून टाकलं. त्या दिवशी गाव बऱ्याच काळानं हसलं होतं.

बाकी हसण्यासारखं काही नव्हतं. रोज संध्याकाळी आकडा यायचा आणि तो कालच्यापेक्षा मोठा असायचा. आकडा आला की वाद सुरू. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, शीर सलामत तर पगडी पचास, आधी जगा, मग धंदा करा. व्यापारी संघाचे अध्यक्ष, म्हणजे मोठे कापडवाले, म्हणायचे की रोगापेक्षा इलाज भयंकर झालाय, माणूस साथीनं नाही मेला तर उपासानं मरेल. भोंगा पालिकेच्या सभागृहाच्या दाराशी कागदाची वाट बघत दोघांचंही ऐकायचा आणि दोघांचंही त्याला पटायचं. हीच खरी पंचाईत होती. एकाचं तरी खोटं असतं तर रात्री झोप लागली असती.

त्याची ताई मात्र अशा फंदात पडत नसे. आईवडिलांच्या माघारी तिनंच त्याला लहानाचा मोठा केला होता, आणि तोही शिलाई मशीनवर. पाण्याच्या टाकीपासून पुलापर्यंत जो लांबलचक रस्ता जातो त्यावर तिचं दुकान होतं, एक मशीन, एक टेबल, एक आरसा मावेल एवढं. घर त्याच्याच शेजारच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. बंदीच्या काळात तिनं टीव्ही बंद करून त्यावर कापड टाकलं होतं.

“एक म्हणतो उघडा, दुसरा म्हणतो मरा,” ती म्हणायची. “मी आपली तुझा आवाज ऐकते. तू म्हणालास बंद की बंद, तू म्हणालास उघडा की उघडं.”

“अगं, ते माझं नसतं. कागदावरचं असतं.”

“असू दे. कागदाला मी वाढवलेलं नाही.”

आणि मग त्याच्या हातात मिठाच्या कोमट पाण्याचा पेला द्यायची. त्याचा घसा बसलाय हे तिला त्याच्या आधी कळायचं.

एके दिवशी सभागृहात भांडून भांडून सगळ्यांचे घसे बसले आणि शेवटी एक तोडगा निघाला. कुणालाच आवडला नाही, म्हणून तो सर्वांना मान्य झाला. एका दिवशी रस्त्याच्या एका बाजूची दुकानं उघडायची, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूची. निम्मी गर्दी, निम्मा धंदा. हेडक्लार्कनं कागद भोंग्याच्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं, आज डाव्या बाजूची दुकाने उघडी राहतील, उजव्या बाजूची बंद राहतील. कशाच्या डाव्या, कुठून डाव्या, हे लिहिणाऱ्याला सुचलं नाही आणि वाचणाऱ्यालाही नाही.

भोंगा तेव्हा सकाळपासून गावभर ओरडत होता. वाक्य एकदा तोंडात बसलं की ते आपोआप बाहेर पडत राहतं आणि डोकं खुशाल सुट्टीवर जातं, हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. लांबलचक रस्त्याला तो टाकीकडून शिरला. डाव्या बाजूची दुकाने उघडी राहतील. हात डावीकडे. पुन्हा एकदा, हळू. पुलापाशी गाडी वळवली आणि नियमाप्रमाणे येतानाची फेरी सुरू केली. डाव्या बाजूची दुकाने उघडी राहतील. हात डावीकडे. पुन्हा एकदा, हळू.

जाताना ज्यांना बंद करायला सांगितलं होतं त्यांना येताना त्यानं हात करकरून उघडायला सांगितलं. लोकांना वाटलं, आदेश बदलला. आदेश तर रोजच बदलत होता. आणि ज्यांनी आधीच उघडलं होतं ते कशाला बंद करतात? बघता बघता रस्त्याच्या दोन्ही अंगांची शटरं वर गेली आणि इतक्या दिवसांची उपाशी गर्दी रस्त्यावर लोटली. दोन्ही बाजू भरून वाहायला लागल्या.

थोड्याच वेळात पालिकेचं पथक आलं. त्यांच्या लेखी डावी म्हणजे टाकीकडून डावी. पलीकडच्या बाजूची सगळी दुकानं त्यांनी सील केली. ताईचं दुकान त्याच बाजूला होतं. तिच्या टेबलावर आरोग्य केंद्रासाठी शिवायला घेतलेले गाऊन अर्धवट पडले होते, सुई कापडात तशीच रुतलेली होती. तिनं पथकाला सांगून पाहिलं. ते म्हणाले, बाई, तुम्हाला कुणी सांगितलं उघडायला?

भोंग्याला कळलं तसा तो धावत गेला. ताई घराच्या दारात उभी होती.

“ताई, माझं जरा...”

“मी कुणाचंच ऐकत नाही,” ताई म्हणाली. “तुझा आवाज आला म्हणून उघडलं.”

एवढंच म्हणून तिनं दार लावलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. आपण काय केलं हे त्याला तेव्हाही नीटसं उमगलं नव्हतं. घरी जाऊन तो खाटेवर बसला, मनातल्या मनात पुलापाशी गाडी वळवली, आणि डावा हात आपसूक पुन्हा डावीकडेच गेला तेव्हा कुठे त्याला चूक कळली.

पुढचे दिवस तिच्या खिडकीखालून टेंपो गेला की खिडकी बंद व्हायची. मिठाचं पाणी तो स्वतःच करून घ्यायचा. कधी मीठ जास्त, कधी पाणी गार.

त्यातच आकडा वाढला. वाढणारच होता, रोज वाढतच होता, पण आता वाद घालायला एक नवं कारण मिळालं. सभागृहात डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसत सांगितलं की आमच्याकडे खाटा उरल्या नाहीत, आणि तुम्ही लोक रस्त्यावर जत्रा भरवता. अध्यक्ष उसळून म्हणाले की लोकांचा काय दोष, तुमच्या गाडीनंच उघडायला सांगितलं. मग सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. इतकी वर्षं गावानं त्याचं ऐकलं होतं, त्याच्याकडे असं पाहिलं मात्र पहिल्यांदाच. कुणीतरी म्हणालं, तो व्यापाऱ्यांनी फोडलेला माणूस आहे. दुसरं कुणीतरी म्हणालं, पालिकेनंच मुद्दाम करवलं.

पालिकेच्या साहेबांनी त्याला आत बोलावलं. साहेबही किती रात्री झोपले नव्हते कोण जाणे, खुर्चीत अर्धे कलंडले होते. “हे उद्या त्या रस्त्यावर सांगा,” म्हणून त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर होतं, काही दुकानदारांनी आदेश मोडल्यामुळे रुग्ण वाढले असून त्यांच्यावर कारवाई चालू राहील.

“साहेब, आदेश त्यांनी मोडला नाही. मी...”

“मला माहीत आहे,” साहेब म्हणाले. “पण मी जर कबूल केलं की कागदच चुकला, तर उद्यापासून एकही कागद कुणी मानणार नाही. मग काय करू, तुम्हीच सांगा.”

याचंही त्याला पटलं. त्याला स्वतःचाच वैताग आला. बाहेर अध्यक्षांनी गाठून आपला कागद त्याच्या खिशात कोंबला. त्यात सगळा दोष पालिकेचा होता. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि दोघांनाही पाणी काढायला हाच पोहरा हवा होता.

सकाळी तो टाकीकडून त्या रस्त्याला शिरला. सील लावलेल्या दुकानांवरच्या कागदी पट्ट्या वाऱ्यानं फडफडत होत्या. ताईची खिडकी टेंपोची घरघर ऐकूनच बंद झाली. दोन्ही कागद समोर काचेपाशी होते. त्यानं साहेबांचा उचलला, पहिला शब्द तोंडात घेतला आणि तो काही बाहेर पडेना. काही दुकानदारांनी. त्यातली एक त्या खिडकीमागे उभी होती. हे वाक्य तिला दोनदा ऐकवायचं, दुसऱ्यांदा हळू. त्याला ते जमणार नव्हतं, मग पालिकेचं काम राहो की जावो.

त्यानं कागद खाली ठेवला, गाडी थांबवली आणि जन्मात पहिल्यांदा भोंग्यातून स्वतःचं बोलला.

“ऐका. दुकानदारांनी आदेश मोडलेला नाही. चूक माझी आहे. जाताना मी डावी म्हणालो आणि गाडी वळवून येताना पुन्हा डावीच म्हणालो. आदेश टाकीकडून डाव्या बाजूचा होता. तुम्ही फक्त माझं ऐकलंत.”

मग सवयीप्रमाणे तेच पुन्हा, हळू. पुलापाशी त्यानं गाडी वळवली आणि येतानाही तेच सांगितलं. खिडकी उघडली नाही.

हेडक्लार्कनं त्याला त्या दिवशी कामावरून काढलं. अध्यक्ष म्हणाले, सगळं अंगावर घ्यायची काय गरज होती, आमचा मुद्दाच घालवलास. दोन्ही बाजूंना तो नकोसा झाला. सील मात्र निघाली, कारण ती ठेवायला आता निमित्त उरलं नव्हतं. पण उघडायलाही काही उरलं नाही. त्याच संध्याकाळी वरून आदेश आला, सगळंच बंद, दोन्ही बाजू, अनिश्चित काळासाठी. दुकानातलं सामान हलवायला तेवढा अवधी दिला. डाव्या-उजव्याचा सगळा वाद एका ओळीत निकालात निघाला आणि सभागृहात लगेच दुसरा सुरू झाला.

भोंगा ताईच्या दुकानाशी गेला तेव्हा ती मशीन एकटीच ओढत होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, पण ये किंवा जा असंही म्हणाली नाही. त्यानं गाऊनचं गाठोडं खांद्याला अडकवलं आणि दुसऱ्या बाजूनं मशीन धरलं. जुनं लोखंडी पायमशीन ते, हातात घेतल्याबरोबर दोघांच्याही तोंडून श्वास निघाला. मास्कमुळे तोही धड घेता येत नव्हता.

जिना अरुंद होता. तो वरच्या बाजूला, पाठमोरा चढत होता, ताई खालून. तोंडं समोरासमोर असूनही कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पहिला मजला असाच गेला. या वयात तिला हे करायला लागतंय ते आपल्यामुळे, हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

जिन्याच्या वळणावर ताई धापा टाकत म्हणाली, “डावीकडे घे.”

त्यानं जोर लावून डावीकडे घेतलं. त्याच क्षणी तिनंही जोर लावून डावीकडे घेतलं. मशीन तिरकं झालं, मशीनचा एक पाय कठड्यात अडकला, दुसरा भिंतीत रुतला आणि सगळं जागच्या जागी ठप्प झालं.

“अरे, डावीकडे म्हटलं ना मी.”

“डावीकडेच घेतोय,” तो म्हणाला.

दोघांनी पुन्हा एकदा ओढलं. भिंतीचा थोडा चुना खाली पडला. ताईनं मान वर करून आधी त्याच्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. मशीनच्या वजनानं त्याचे खांदे निखळायला आले होते, पण त्यानं सोडलं नाही.

“एवढंच झालं होतं?” तिनं विचारलं.

“एवढंच, ताई.”

ती पायरीवर बसली. मशीनला गुडघ्याचा टेकू दिला. तिचे डोळे भरून आले होते आणि मास्कच्या आत ती हसत होती की काय, हे त्याला नीट दिसलं नाही. त्याचा घसा आधीच बसलेला होता, त्यामुळे आवाज अगदीच चिरका निघाला.

“मग आता कुठली घेऊ? तुझी का माझी?”

“माझी डावी,” ताई म्हणाली.

मग दम घेऊन, पुन्हा एकदा, हळू, “म्हणजे तुझी उजवी.”